सोमवारी वाजणारी राष्ट्रगीतं

मे महिना तापला की मोशीतल्या आमच्या इमारतीत रविवारी संध्याकाळी एक आवाज सुरू होतो. शेजारचे काका मोटारींच्या शर्यती बघतात. दीड तास गाड्यांची भुणभुण, पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तशी. मग गलका. मग एकदम शांतता, आणि त्या शांततेतून बँड उठतो. आधी जिंकलेल्या ड्रायव्हरच्या देशाचं राष्ट्रगीत, मग ज्यांनी त्याची गाडी बनवली त्यांच्या देशाचं. मी त्या वेळी बहुतेक स्वयंपाकघरात असते. भिंतीपलीकडून पहिला सूर आला की माझे पीठ लागलेले हात मधेच थांबतात. आई म्हणते, "लागलं का गं तुझं?" मी म्हणते, माझं नाही ते. तोवर पोळी तव्यावर फुगून करपलेली असते.

माझं नाही, हे मी एका पावसाळ्यात फार ठणकावून सांगितलं होतं. छापून सांगितलं होतं. दरवर्षी शर्यतींचा मोसम आला की तो पावसाळा परत माझ्यापुढे येऊन उभा राहतो, आणि मला त्यातून बाहेर पडायची वाट सापडत नाही.

तेव्हा मी चाकणला एका कंपनीत होते. मोटारीच्या आत वायरींचं जे जाळं असतं, दिव्यापासून काचेपर्यंत सगळ्याला वीज पोचवणारं, ते आम्ही बांधायचो. हे काम बायकांच्या बोटांना जमतं असं म्हणून लाइनवर सगळ्या बायकाच. पुरुषभर उंचीचा तिरका बोर्ड, त्यावर खुंट्या. खुंट्यांमधून वायरी ओवायच्या, टेप गुंडाळायची, पायाजवळचं पेडल दाबायचं. ते दाबलं की आपला बोर्ड पुढच्या बाईकडे सरकतो आणि मागचा आपल्यापुढे येतो. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, उभ्याने. लाइनवर स्टूल नव्हतं. एकदा मागितलं तेव्हा आमचे लाइन लीडर पाटोळे सर म्हणाले की बसलं की हात मंदावतात, बाहेरच्या लोकांनी तसा अभ्यास केला आहे. त्या अभ्यासात आम्ही कुठे उभ्या होतो, ते त्यांनी सांगितलं नाही.

मालक कंपनी परदेशातली. तिचा स्टिकर शर्यतीच्या एका गाडीच्या नाकावर होता, अंगठ्याच्या नखाएवढा. कॅन्टीनमधल्या मोठ्या फोटोत एचआरच्या साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढून ठेवला होता, नाहीतर दिसला नसता. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीवर आपलं नाव आहे, असं ते म्हणायचे. आणि आमची बस रोज सकाळी चाकणच्या चौकात पाऊण पाऊण तास उभी. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी ट्रेलरवर चढवलेल्या कोऱ्या गाड्या. त्यांच्या पोटात आमच्याच वायरी, आणि त्याही उभ्या. खिडकी उघडली तर धूर, मिटली तर घाम. आमच्यातली सगळ्यात वडीलधारी कमलमावशी त्याच बाजूची माहेरवाशीण. ती चौकाकडे बघत म्हणायची, "आमच्या आबांचा बैल ह्याच्या आधी पोचायचा, न्हाई तर काय."

त्या गाडीने शर्यत जिंकली की सोमवारी अकरा वाजता लाइनवरच्या स्पीकरवर राष्ट्रगीतं वाजायची. हा रिवाज कुणी ठरवून सुरू केला नव्हता. तो आमच्या चुकीतून झाला. पहिल्यांदा एचआरच्या साहेबांनी नुसतं वातावरण म्हणून गीत लावलं होतं, कामाला हुरूप यावा म्हणून. पण बँड वाजला, त्यातला तो सावकाश चढणारा सूर वाजला, आणि सगळ्या लाइनीचे हात खाली आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंड्यापुढे ज्यांनी वर्षं काढली, त्या हे गीत कुणाचं म्हणून विचारत बसत नाहीत. पाय आधी जुळतात. माना ताठ, बोर्ड जागच्या जागी. पाटोळे सर धावत आले, ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यांचेही हात पँटच्या शिवणीला चिकटले. राष्ट्रगीत चालू असताना कामाला लागा असं म्हणायचं तरी कसं, भले ते कुणाचंही असो. त्या दिवशी नेमके परदेशातले एक पाहुणे प्लांट बघायला आले होते. आपल्या देशाच्या गीताला एवढ्या बायका ताठ उभ्या राहिलेल्या पाहून त्यांचे डोळे भरून आले म्हणे. त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं, वर पाठवलं, वरून कौतुक आलं. तेव्हापासून विजयाच्या दर सोमवारी अकरा वाजता लाइन थांबायची, असा तोंडी हुकूम निघाला.

शर्यतीतलं ओ की ठो न कळणाऱ्या बायका महिन्याभरात जाणकार झाल्या. आमच्या गाडीचे ड्रायव्हर दोन. एक गाडीच्याच देशाचा, एक बाहेरचा. गाडीच्या देशाचा जिंकला तर दोन्हीचं मिळून गीत एकच. बाहेरचा जिंकला तर दोन. शर्यतीच्या जागी गीतं थोडक्यात उरकतात, पण आमचे साहेब हौशी, ते अख्खी लावायचे. गाडीच्या देशाचं ढोल-ताशांचं गीत, त्याला बायकांनी 'वरात' नाव ठेवलं. बाहेरच्याचं संथ आणि लांबलचक, ती 'काकडआरती'. रविवारी रात्री ग्रुपवर निरोप फिरायचे, उद्या काकडआरती पक्की. सोमवारी बसमध्ये चढता चढता कमलमावशी मला विचारायची, "आपला त्यो गोरा जितला का गं, लांब गान्याचा?" जिंकला म्हटलं की मागच्या सीटपर्यंत हसू पसरायचं. एरवी त्या हातांना जेवण आणि चहा सोडून थांबायची मुभा नव्हती. दोन गीतांच्या त्या चार मिनिटांत हात फक्त लोंबत. बोटं आपोआप उघडत. समोरच्या बाईची पाठ श्वासाने वरखाली होताना दिसे, एरवी ती दिसतच नसे.

मला या सगळ्याचा संताप यायचा.

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालं आहे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पिवळ्या-गुलाबी पातळ कागदांचे गठ्ठे असायचे. 'कामगार बंधू-भगिनींनो' ही मी आयुष्यात वाचलेली पहिली ओळ. घड्या घालता घालता बोटं काळी व्हायची आणि त्याच बोटांनी मी वरणभात खायची. जगातल्या कोणत्याही अन्यायाला एक पान पुरतं असं मला वाटायचं, पाठपोट छापलं तर नक्कीच. पुढे तो कारखाना बंद झाला, बाबा घरी बसले, गठ्ठे राहिले. मी बी.ए. होऊन सहा-सहा महिन्यांच्या करारावर चाकणला लागले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले की डोळे उघडे ठेव.

मी ठेवले, आणि मला शर्यतीनंतरचा तो बक्षिसाचा तीन पायऱ्यांचा चौथरा दिसला. वरच्या पायरीवरचा माणूस छातीवर हात ठेवून उभा. त्याच्या देशाचं गीत वाजतं. गाडीच्या मालकांच्या देशाचं वाजतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरच्यांचंही वाजत नाही, मग वायरी गुंडाळून ज्यांची बोटं सोलतात त्यांचं तर सोडाच. आणि आम्हीच ताठ उभ्या राहून मानवंदना देतो. बरं, उभं राहणं म्हणजे तरी काय? जी आठ तास उभीच आहे ती आणखी काय उभी राहणार? मी बसून निषेध करायचा विचार केला, पण बसायला काही नव्हतं.

म्हणून पत्रक लिहिलं. 'हे गीत कुणाचं, हा विजय कुणाचा?' जुलैचा पहिला आठवडा, खिडकीवर ताडपत्री फडफडत होती. मी एका बैठकीत पान भरलं. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की ते मी ठळक केलं: 'ज्या गीताशी आमचं नातं नाही, त्यासाठी आमचे हात थांबणार नाहीत.' बाबांना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "किती जणींना विचारलंस?"

"तत्त्वाला काय विचारायचं, बाबा?"

त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला. मी ती मूक संमती समजले.

चाकणला झेरॉक्स काढल्या आणि मोशीच्या थांब्यावर बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकीच्या हातात दिल्या. बायकांनी घेतल्या, काहींनी डोक्यावर धरल्या, पाऊस होता. एकीने मला पत्रकवाली बाई म्हणून हाक मारली, ती पुढे चिकटली. पण कुणीतरी पत्रकाचा फोटो काढला, तो फिरला, आणि गावातल्या एका पुढाऱ्याने कंपनीच्या गेटवर येऊन साहेबांना विचारलं म्हणे की आपल्या मातीत दुसऱ्याचं राष्ट्रगीत वाजवता काय. साहेब घाबरले. पुढच्या सोमवारी बाहेरचा जिंकलेला असूनही स्पीकर वाजला नाही.

अकराला मी घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजले, अकरा पाच झाले. लाइन चालू होती. मला छाती फुगल्यासारखं वाटलं. एका पानाने हे केलं, दोन देशांची गीतं गप्प केली. मी शेजारी सुनीताकडे बघून हसले. ती माझ्यापुढच्या बोर्डावर असायची, परभणीकडची, काटकुळी, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती हसली नाही. तिने स्पीकरकडे पाहिलं, मग खाली मान घालून टेप गुंडाळायला लागली.

जेवणाच्या सुट्टीत कमलमावशीने डबा उघडता उघडताच मला धरलं. "तुझ्या कागदानं आमचं गानं ग्येलं."

मी समजावायला लागले. परकं गीत, मालकांचा विजय, आपला स्वाभिमान. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, व्हय. तुझा सोभिमान झाला. आमचे हात?" बाकीच्या हसल्या, पण ते हसू मला लागलं. एकीने विचारलं की पत्रकवाली बाई आता आमच्यासाठी दुसरं गाणं म्हणणार का.

सुनीता मला पाण्याच्या नळापाशी भेटली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिने माझा हात धरला आणि एप्रनखाली नेऊन आपल्या पोटावर ठेवला. पोट घट्ट होतं, पाचव्या महिन्याचं. रोज हातभर अंतरावर उभी राहून मला ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "राग नाही गं माझा. पण त्या गाण्यात हे हलायचं. तेवढंच कळायचं मला."

मग तिने तुटक तुटक सांगितलं. याआधीचं मूल सहावा संपता संपता गेलं होतं. पोटातच. ते हलायचं थांबलं हे तिला किती दिवस कळलंच नव्हतं, कारण लाइनवर पेडलचा धक्का रोज पायापासून वर चढतो आणि सगळं अंगच हलत असतं. मी विचारलं, घरी कळत नाही का? "घरी पडलं की डोळा लागतो. बसमधी बसच हलायली, त्यात ह्याचं काय कळतंय?" दवाखान्यात जायचं तर रजा, रजेला कारण, कारण सांगितलं की करार गेला. सप्टेंबरात तिचा करार संपणार होता, आणि पोट दिसलं तर नवा मिळणार नाही, हे लाइनवर सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ती स्वतःहून हात थांबवू शकत नव्हती. जिचे हात थांबतात तिच्याकडे पाटोळे सर निरखून बघतात.

इतकी पत्रकं वाचली होती, पण बाईला आपलं मूल जिवंत आहे की नाही हे कळायला चार मिनिटं लागतात, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. माझ्याही नाही.

यानंतरचं लिहायला मला अजून जड जातं. बायकांनी ठरवलं की अर्ज द्यायचा, गीत पुन्हा लावा म्हणून, आणि अर्ज मीच लिहायचा, कारण लिहिता मलाच येतं. मी दोन दिवस टाळलं. म्हटलं, आपण स्टूल मागू, दहा मिनिटांची सुट्टी मागू, हक्काने मागू. मावशी म्हणाली, "हक्कानं मागितलं तवा न्हाई दिलं. हे त्यांच्या हौसेचं हाय, हे देतील." तिचं खरं होतं, आणि ते खरं असणं हाच मोठा अपमान होता. त्या रात्री बाबांसमोर बसून मी लिहिलं: 'सविनय विनंती की, विजयप्रसंगी वाजवण्यात येणारी राष्ट्रगीतं पूर्ववत सुरू करण्यात यावीत.' माझ्या हाताने. ज्या हाताने आधीचं लिहिलं त्याच. बाबांनी या वेळी वाचायला मागितलं नाही. फक्त विचारलं, "सगळ्यांच्या सह्या आहेत?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग दे.

ऑगस्टमध्ये शर्यतींना सुट्टी असते. तो महिना मी कधी विसरणार नाही. रोज चौकात अडकलेली बस, काचेवरून ओघळणारं पाणी, आणि माझ्या शेजारी सुनीता, पोटावर डबा धरून बसलेली. मी रोज विचारायची. ती रोज म्हणायची, कळंना गेलंय. एकदा म्हणाली, काल वाटलं. मग म्हणाली, गॅस असंल. आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही खिडकीबाहेर बघायला लागलो. तिला सहावा सरत आला होता.

महिनाअखेरीस नोटीस लागली. कर्मचाऱ्यांच्या विनंतीस मान देऊन गीतं पुन्हा वाजवली जातील. लाइनभर आनंद झाला, मावशीने मला जवळ घेऊन माझ्या डोक्यावरून बोटं मोडली. मी खालची ओळ वाचत होते. कर्मचाऱ्यांच्याच भावनेचा आदर राखून, गीत चालू असताना काम सुरू ठेवण्यात यावं. आणि अवतरणचिन्हांत, ठळक अक्षरांत, माझं वाक्य: 'ज्या गीताशी आमचं नातं नाही, त्यासाठी आमचे हात थांबणार नाहीत.'

एचआरच्या साहेबांनी मला बोलावून अभिनंदनही केलं. छान लिहिता म्हणाले.

मी आता त्या कंपनीत नाही. दुसरीत आहे, गेट वेगळं, एप्रनचा रंग वेगळा, बस तीच, चौक तोच. इथे गीत वाजत नाही आणि स्टूलही नाही. मी अजून पत्रकं लिहिते, पण हल्ली एक वाक्य लिहिलं की ते उलटं करून बघते, हे माझ्यावरच कसं रोखलं जाईल म्हणून. त्यामुळे लिहिण्याचा वेग मंदावला आहे. कधी कधी वाटतं, असं सगळ्या बाजूंनी तपासून लिहिलेलं वाक्य कुणाला बोचणारच नाही, मग लिहायचं कशाला? आणि न तपासता लिहिलं तर त्याची भिंत कुणाच्या अंगावर पडेल? या दोन प्रश्नांच्या मधली जागा फार अरुंद आहे. मी तिथेच राहते.

त्या पावसाळ्यात, नोटीस लागल्यानंतर, शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि पहिल्याच रविवारी बाहेरचा जिंकला. सोमवारी अकरा वाजता स्पीकर खरखरला आणि काकडआरती सुरू झाली. जुन्या सवयीने लाइनीच्या माना ताठ झाल्या, पण हात चालू राहिले. पाटोळे सर मधल्या वाटेने फिरत, नोटीस आहे, नोटीस आहे, असं हळू आवाजात म्हणत होते. त्या संथ, मोठ्या सुरांखाली टेप फाडल्याचे आवाज येत होते. इतकं ओंगळ मी काही ऐकलं नव्हतं. सुनीता माझ्या बोर्डाची वाट बघत होती. मी गुंडाळी संपवली, पेडलवर पाय ठेवला. मग पाय काढून घेतला.

मी पेडल दाबलं नाही तर सुनीतापुढे बोर्ड येत नाही. तिच्यापुढच्या बाईपुढेही येत नाही. त्यांचे हात रिकामे राहतात आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. जिच्याकडे बघायचं ती मी.

मी हात खाली सोडले, पाय जुळवले आणि त्या परक्या देशाच्या गीताला ताठ उभी राहिले.

पाटोळे सर आलेच. म्हणाले, नोटीस वाचली नाही का, तुझंच वाक्य आहे. मी समोर बघत राहिले, राष्ट्रगीत चालू असताना बोलत नाहीत. त्यांनी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण सूर चढला तसे त्यांचे हात आपोआप शिवणीला गेले आणि ते माझ्यासमोर तसेच थांबले, संतापलेले आणि ताठ. मागे बोर्ड साचत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला सुनीता दिसत होती. तिने एप्रनखाली हात घातला होता. पहिलं गीत संपत आलं. तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता. ते संपलं. सर पुढे झाले, आणि दुसरं सुरू झालं. ढोल वाजले. सर पुन्हा थांबले. सुनीताने डोळे मिटले होते, ओठ घट्ट. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता, आपल्यापुढच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "हलायलंय."

गीत संपलं. स्पीकर बंद झाला. आता थांबायला कुणाच्याच देशाचं कारण उरलं नव्हतं. पाटोळे सर म्हणाले, "झालं ना? दाब पेडल."

सुनीताचा हात अजून एप्रनखाली होता. मी पाय जुळवलेले होते, ते तसेच ठेवले.